जनगणनेचे दोन रकाने आणि सिंधी घरातला देव्हारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या जनगणनेसंबंधी सध्या जी चर्चा चालू आहे तिचा बहुतेक भर जातींच्या नोंदीवर आहे आणि ते स्वाभाविकही आहे. मात्र त्याच प्रपत्रात धर्माचा आणि मातृभाषेचा असे आणखी दोन रकाने असतात, आणि महाराष्ट्रातल्या एका मोठ्या समाजाच्या बाबतीत हे दोन्ही रकाने कित्येक दशके घाईने, गैरसमजाने आणि काही वेळा संकोचाने भरले गेले आहेत. मी सिंधी समाजाविषयी लिहीत आहे. मी स्वतः मराठी, राहणारी कल्याणची. उल्हासनगरातल्या एका मराठी शाळेत बत्तीस वर्षे शिकवले आणि १९९१ व २००१ अशा दोन जनगणनांत प्रगणक म्हणून तिथल्याच जुन्या लष्करी बॅरेकींमधून घरोघर फिरले. या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच आहे, आणि त्या कामात माझ्या हातून झालेली एक चूक या पत्रामागे आहे.

२००१ च्या फेब्रुवारीत उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका बॅरेकीच्या दोन खोल्यांत मी प्रपत्र भरायला बसले होते. घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या बाईंना सगळी वस्ती अम्मा म्हणत असे. त्या सिंधमधल्या शिकारपूरच्या, फाळणीच्या वेळी जेमतेम बारा वर्षांच्या होत्या. भिंतीतल्या फळीवर त्यांचा देव्हारा होता. रेशमी रुमालात गुंडाळलेली गुरुमुखीतली पोथी, तिच्याशेजारी माशावर बसलेल्या झुलेलाल या सिंध्यांच्या देवाची तसबीर, शंकर-पार्वतीचे एक जुने कॅलेंडर आणि थोडा बाजूला, हिरव्या काठाच्या चौकटीत, सिंधमधल्या सेहवानच्या सूफी दर्ग्याचे चित्र. त्या चित्रापुढे दर गुरुवारी दिवा लागत असे, हे मला शेजारच्या घरातून आधीच कळले होते. मी धर्म विचारला. अम्मांनी लगेच उत्तर दिले नाही. मग आपल्या सिंधी वळणाच्या हिंदीत त्यांनी सांगितले की आमचे घर नानकाचे, ज्योत आम्ही दर्याशाहची, म्हणजे झुलेलालची, लावतो, आणि माझ्या जन्माच्या वेळी वडिलांनी सेहवानला नवस बोलला होता, तो मला सोडता येत नाही. एवढे सांगून त्यांनी मलाच विचारले, की बाई, हे तुमच्या कोणत्या खान्यात बसते? माझ्यासमोर सहा धर्मांचे सहा आकडे होते. मी हिंदूंचा आकडा लिहिला. त्यांनी हरकत घेतली नाही. त्या स्वतःला हिंदूच समजत होत्या, तेव्हा ती नोंद खोटी होती असे कुणी म्हणणार नाही. पण एका वृद्ध स्त्रीने विचार करून दिलेले उत्तर मी ऐकून घेतले आणि त्यातले एक अक्षरही कुठे ठेवले नाही.

खरी चूक पुढच्या रकान्यात झाली. मातृभाषा विचारली तेव्हा अम्मांचा मुलगा दारातूनच म्हणाला, हिंदी लिहा मॅडम, आता घरात हिंदीच चालते. मी अम्मांची मातृभाषा सिंधी लिहिली आणि बाकी चौघांची हिंदी. प्रगणकांच्या प्रशिक्षणात मातृभाषेची व्याख्या आम्हाला स्पष्ट शिकवली होती. त्या व्यक्तीशी तिच्या बालपणी तिची आई ज्या भाषेत बोलत असे ती तिची मातृभाषा. आई तान्हेपणीच वारली असेल, तरच बालपणी घरात मुख्यतः जी भाषा बोलली जाई ती लिहायची. हा मुलगा चाळिशीचा होता, त्याची आई माझ्यासमोर बसलेली होती, आणि माझ्यादेखत ती त्याच्याशी सिंधीत बोलली होती. तरीही मी हिंदी लिहिले, कारण अजून सात घरे बाकी होती आणि सांगणाऱ्याने तसे सांगितले होते. अशी घरे त्या गटात किती होती, ते मी तेव्हा मोजले नाही.

धर्माच्या रकान्यातली ही अडचण माझ्या काळातली नव्हे. १८८१ च्या जनगणनेत सिंध प्रांतात सव्वा लाखाहून अधिक शीख नोंदले गेले होते. दहाच वर्षांनी, १८९१ मध्ये, हा आकडा हजाराच्याही खाली आला. या दहा वर्षांत सिंधमध्ये एवढी माणसे नाहीशी व्हावीत अशी कोणती साथ आली नव्हती की कुणी सामुदायिक धर्मांतर केले नव्हते. माणसे तीच होती, त्यांची गुरुवाणी तीच होती, त्यांच्या टिकाण्यांतला, म्हणजे प्रार्थनास्थळांतला, ग्रंथही तोच होता. बदलला होता तो मोजणाऱ्यांचा चष्मा. नानकाला मानणारा, पण केस न राखणारा, लग्न-मुंज-श्राद्ध ब्राह्मणाकडून करून घेणारा माणूस शीख म्हणायचा की हिंदू, याचे उत्तर सरकारी कागदाला हवे होते. त्या माणसाला स्वतःला तो प्रश्न कधी पडलेलाच नव्हता. सिंधमधले बहुसंख्य हिंदू असे नानकपंथी होते आणि गावोगावचे त्यांचे दरबार व टिकाणे ही एकाच वेळी मंदिरे, धर्मशाळा आणि पाठशाळा होती. टिकाण्यात मधोमध ग्रंथसाहिब असे आणि भिंतीलगत देवदेवतांच्या मूर्तीही असत.

या मोकळेपणाला लोक आज कधी भाबडेपणा म्हणतात, कधी तडजोड म्हणतात. मला वाटते की त्यामागे तिथल्या जगण्याची रीत होती. सिंधचे आमिल हे तिथल्या मीर राज्यकर्त्यांच्या दरबारात आणि पुढे इंग्रजांच्या कचेऱ्यांत कारकुनी व दिवाणगिरी करणारे, त्यामुळे फारसी हा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता. ‘भाईबंद’ म्हणवणारा दुसरा वर्ग व्यापाऱ्यांचा, त्यांतले शिकारपुरी सावकार हुंड्या घेऊन थेट बुखाऱ्यापर्यंत पेढ्या चालवीत, तर हैदराबादचे सिंधवर्की समुद्रापलीकडच्या बंदरांत रेशीम आणि कलाकुसरीच्या वस्तू विकत. त्यांच्या वह्या काना-मात्रा नसलेल्या हटवाणकी लिपीत लिहिलेल्या असत. आणि घरातल्या बायका पोथी वाचण्यासाठी गुरुमुखी शिकत. एका कुटुंबात बाप फारसी, काका हटवाणकी आणि आई गुरुमुखी वाचते आहे, असे दृश्य तेथे विशेष मानले जात नसे. संध्याकाळी मात्र सूफी कवी शाह अब्दुल लतीफ यांचे बैत, म्हणजे पदे, कानावर पडले की तिघेही ओळखत, आणि तिघांचा मुसलमान शेजारीही ओळखत असे. सचल आणि सामी या कवींची वाणीही तशीच घरोघर पोचलेली होती. त्यांतले सचल मुसलमान आणि सामी हिंदू, ही गोष्ट ऐकणाऱ्यांच्या मध्ये आली नाही.

येथे एका मराठी माणसाची आठवण दिल्याशिवाय पुढे जाववत नाही. इंग्रजांनी १८५३ मध्ये सिंधी भाषेसाठी अरबी वळणाची बावन्न अक्षरांची लिपी ठरवली, ती शाळांत रुजवण्याच्या काळात सिंधच्या शिक्षणखात्यात नारायण जगन्नाथ वैद्य हे मराठी अधिकारी होते. हिंदू व्यापाऱ्यांच्या खुदाबादी लिपीला नेमके स्वरचिन्हांचे रूप देण्याचे काम त्यांच्याकडे १८६० च्या दशकात आले आणि त्यांनी ते निष्ठेने केले. कराचीतल्या पहिल्या सरकारी शाळेला त्यांचे नाव आहे, आणि फाळणीनंतरही ते तसेच राहिले आहे. एका परक्या प्रांतातल्या माणसांना त्यांच्या भाषेत लिहिता यावे म्हणून आपल्यातल्या एकाने आयुष्याची उमेदीची वर्षे दिली, ही गोष्ट आपल्या शालेय पुस्तकांत मला कधी आढळली नाही. त्या माणसांची पतवंडे आज आपल्या शेजारी राहतात आणि त्यांना स्वतःची लिपी वाचता येत नाही.

झुलेलालचे उदाहरण तर फारच बोलके आहे. कथा अशी की ठठ्ठ्याच्या मिर्खशाह बादशहाने हिंदूंवर धर्मांतराची सक्ती केली, तेव्हा लोकांनी सिंधूच्या काठी चाळीस दिवस उपास करून वरुणदेवाची करुणा भाकली आणि नसरपुरात उडेरोलालचा, म्हणजेच झुलेलालचा, जन्म झाला. चालिहोचे चाळीस दिवसांचे व्रत आजही उल्हासनगरात पाळले जाते ते याच श्रद्धेने. परंतु सिंधमध्ये याच देवाचे जे मुख्य स्थान आहे, त्या उडेरोलाल नावाच्याच गावातल्या आवारात मंदिर आणि दर्गा एकाच भिंतीच्या आत आहेत. हिंदूंचा उडेरोलाल हाच मुसलमानांचा शेख ताहिर. सक्करला नदीतल्या बेटावर तो जिंदापीर होतो. म्हणजे सक्तीच्या धर्मांतराविरुद्ध जन्मलेल्या देवाच्या दारातही दोन्ही समाजांना जागा होती. भारतात आल्यावर हे दुपेडी रूप राहणे शक्य नव्हते. इथे सिंधू नव्हती, पीर नव्हता, तो मुसलमान शेजारी तर सीमेपलीकडे राहिला होता. पन्नाशीच्या दशकात प्राध्यापक राम पंजवाणी मटक्यावर ताल धरून गात गावोगाव फिरले आणि विखुरलेल्या लोकांना त्यांनी झुलेलालच्या नावाने चेटीचंड या नववर्षाच्या सणाला एकत्र आणले. चैत्र शुद्ध द्वितीयेला, म्हणजे बहुधा आपल्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, बहराणो म्हणजे पूजेचे ताट काढतात, ज्योत मिरवतात, छेज हा समूहनाच खेळतात, हे सारे आपण आज पाहतो त्या स्वरूपात त्यांच्या प्रयत्नांनी उभे राहिले. सिंधमध्ये नदीकाठच्या लोकांचा आणि व्यापाऱ्यांचा असलेला देव इथे सगळ्या सिंध्यांचा देव झाला. ज्यांची जमीन गेली त्यांनी देवाला जमिनीच्या जागी ठेवले, असे मला यात दिसते, आणि त्यात मला काहीही वावगे वाटत नाही. पंजवाणींचे ऋण हा समाज मानतो ते योग्यच आहे. फक्त त्या देवाचे दुसरे नाव आता आठवणीतून गेले आहे, आणि सेहवानच्या चित्रापुढे दिवा लावणाऱ्या अम्मांना नातवाकडून, हे चित्र पाहुण्यांसमोर नको, असे ऐकून घ्यावे लागले, तेही मी माझ्या कानांनी ऐकले आहे. उल्हासनगरातच साईं रोचलदास होऊन गेले. जन्माने हिंदू, सूफी परंपरेतल्या कुतुबअली शाहांचे शिष्य, आणि फाळणीनंतर शिष्यपरिवारासह इथेच स्थायिक झालेले. त्यांचा दरबार आजही भरतो. तो पाहिलेल्या माणसाला अम्मांचा देव्हारा विचित्र वाटणार नाही.

आता स्थलांतराविषयी. फाळणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पंजाब उभा राहतो, आणि त्यामुळे सिंधची गोष्ट वेगळी होती हे ध्यानात येत नाही. पंजाब आणि बंगाल यांचे तुकडे झाले, म्हणून तिथल्या निर्वासितांना पंजाबचाच आणि बंगालचाच उरलेला भाग मिळाला. सिंध अखंड पाकिस्तानात गेला. १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिथे मोठी कत्तल झाली नाही, आणि अनेक कुटुंबांना वाटत होते की राज्य बदलले तरी गाव आपले आहे. पुढच्या महिन्यांत भारतातून उखडलेले मुसलमान निर्वासित कराची-हैदराबादेत मोठ्या संख्येने येत गेले, त्यांना घरे हवी होती, आणि शहरांतली पक्की घरे मुख्यतः हिंदूंची होती. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत रतन तलावाजवळच्या गुरुद्वाऱ्यात आश्रयाला आलेल्या शिखांवर हल्ला झाला आणि मग लुटालूट शहरभर पसरली. त्यानंतर राहण्याची हिंमत कुणाची राहिली नाही. गांधीजींची हत्या त्याच महिनाअखेरीस झाली, आणि अम्मा सांगत की त्यांच्या बोटीवर ती बातमी कळली तेव्हा चूल कुणी पेटवली नाही. कराचीहून बोटी मुंबईला, ओखा-पोरबंदरला येत होत्या, तर मीरपूरखासहून मुनाबावमार्गे रेल्वेने लोक जोधपूरकडे जात होते. असे दहा-बारा लाख लोक आले.

कल्याणजवळ दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी उभारलेली छावणी रिकामी होती, तिथे सुमारे लाखभर माणसे ठेवली गेली. एकेका बॅरेकीत गोणपाटाचे पडदे लावून कितीतरी कुटुंबे राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी त्या छावणीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव दिले. पिंपरी, चेंबूर, देवळाली, नागपूरचे जरीपटका ही ठिकाणे आपल्याला ठाऊक आहेत, पण कोल्हापूरच्या वळिवड्याची गोष्ट कमी लोकांना माहीत असेल. युद्धकाळात कोल्हापूर संस्थानाने तिथे पोलंडमधून परागंदा झालेल्या सुमारे पाच हजार लोकांना आसरा दिला होता. ते लोक गेल्यावर त्याच जागी सिंधी कुटुंबे आली आणि आजची गांधीनगरची कापडपेठ उभी राहिली. कच्छमध्ये भाई प्रताप या सिंधी उद्योजकांनी तिथल्या महारावांकडून जमीन मिळवून गांधीधाम वसवले, ते सिंध्यांना पुन्हा एक शहर मिळावे म्हणून. ज्यांनी कराचीत डी. जे. सिंध कॉलेजात शिकवले होते त्या प्राध्यापकांनी १९४८ मध्येच मुंबईत जयहिंद कॉलेज सुरू केले. आपल्या लोकांनी त्यांना निर्वासित म्हटले. त्यांनी तो शब्द घेतला नाही. आम्ही पुरुषार्थी, असे ते म्हणत. माझ्या शाळेतल्या जुन्या पालकांपैकी अनेकांनी लहानपणी लोकलच्या डब्यांत गोळ्या-बिस्किटे विकून फी भरली होती, आणि ते हे सांगताना आवाज खाली करीत नसत.

सगळेच मात्र निघू शकले नाहीत. मेघवार, कोळी, भिल्ल असे जे दलित आणि भूमिहीन शेतमजूर सिंधच्या वाळवंटी भागात होते, ते बहुतांशी तिथेच राहिले, आणि उमरकोट-थरपारकरकडे आजही लाखो हिंदू आहेत ते मुख्यतः हेच. कराचीच्या सफाई कामगारांना तर अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली पाकिस्तान सरकारने अडवून ठेवले. त्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या डिसेंबरमध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहिले होते. सिंधी समाज म्हणजे व्यापारी समाज, हे जे आपले पक्के समीकरण आहे, ते बरेचसे या गाळणीतून तयार झाले. बोटीचे तिकीट ज्यांना परवडले, ज्यांना कुणी अडवले नाही, त्यांनाच आपण सिंधी म्हणून ओळखतो. भारतातल्या सिंधी कुटुंबांतही ही आठवण क्वचितच निघते, आणि निघायला हवी असे मला आग्रहाने वाटते.

भाषेच्या बाबतीत आपण मराठी माणसांनी विशेष समजूत दाखवायला हवी. १८४७ पासून १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. पुढे भाषेवर प्रांत झाले, आणि १९६० मध्ये आपल्याला आपल्या भाषेचे राज्य मिळाले, त्यासाठी किती जणांनी प्राण दिले हे आपण विसरलेलो नाही. सिंधीला असे राज्य मिळणे शक्यच नव्हते, कारण तिच्याखालची जमीन दुसऱ्या देशात होती. १० एप्रिल १९६७ रोजी घटनेच्या आठव्या अनुसूचीत सिंधीचा समावेश झाला, तोही वीस वर्षांच्या खटपटीनंतर. त्यातच लिपीचा वाद पेटला. काँग्रेसचे सिंधी नेते जयरामदास दौलतराम यांच्यासारखे लोक देवनागरीच्या बाजूचे होते, कारण मुलांना ती सोपी पडेल आणि भारतात मिसळणे सुकर होईल. साहित्यिकांपैकी अनेकांना अरबी लिपी सोडणे म्हणजे शाह लतीफांपासूनचा सारा वारसा आणि सिंधमध्ये आज छापले जाणारे सारे वाङ्मय यांना मुकणे वाटत होते. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते. अखेर दोन्ही लिप्या मान्य झाल्या, आणि या दोहोंच्या मध्ये एक पिढी कोणतीच लिपी न शिकता इंग्रजी शाळेत गेली. सिंधीत ग, ज, ड, ब यांचे श्वास आत ओढून उच्चारायचे असे चार वेगळे ध्वनी आहेत, आणि देवनागरीत ते दाखवण्यासाठी त्या अक्षरांखाली रेघ देतात. माझ्या वर्गातली सिंधी मुले ते ध्वनी घरून घेऊन येत. शेवटच्या काही वर्षांत वर्गात बसलेल्या सिंधी मुलांच्या तोंडून मी ते ऐकले नाहीत.

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २७ लाख ७० हजार लोकांची मातृभाषा सिंधी नोंदली गेली, त्यांत महाराष्ट्रातले सव्वासात लाखांच्या आसपास. या आकड्यांत कच्छी बोलणारेही धरलेले आहेत, हे लक्षात घेतले म्हणजे सिंधीचा खरा आकडा किती खाली येतो ते कळेल. हा आकडा नुसता अभिमानाचा विषय नाही. शिक्षक मिळणे, पाठ्यपुस्तक छापणे, आकाशवाणीचा वेळ, अकादमीचे अनुदान, यांतली प्रत्येक मागणी करताना समोरचा अधिकारी पहिल्यांदा संख्या विचारतो. माझ्यासारख्या प्रगणकांनी वाचवलेल्या पाच-पाच मिनिटांची किंमत तिथे मोजली जाते.

धर्माच्या बाबतीत अलीकडे घडलेली एक गोष्ट मला फार अस्वस्थ करून गेली. सिंधी दरबारांत ग्रंथसाहिबाशेजारी मूर्ती असतात, शीख मर्यादा, म्हणजे ग्रंथाच्या सन्मानाचे नियम, पाळली जात नाही, असा आक्षेप काही शीख संघटनांनी इंदुरात घेतला, आणि २०२३ च्या जानेवारीत तिथल्या अनेक सिंधी दरबारांनी ग्रंथसाहिबाच्या प्रती गुरुद्वाऱ्यात नेऊन सुपूर्द केल्या. आक्षेप घेणाऱ्यांच्या भावना मी समजू शकते. ज्यांच्यासाठी ग्रंथ हा जिवंत गुरू आहे त्यांनी त्याच्या मर्यादेचा आग्रह धरणे योग्यच आहे. पण पिढ्यान्पिढ्या जो ग्रंथ डोक्यावर घेऊन आपल्या वाडवडिलांनी सीमा ओलांडली, तो आपल्या हातांनी परत देताना त्या लोकांना काय वाटले असेल, याचाही विचार व्हावा. १८९१ मध्ये सरकारी कागदाने जे केले ते आता माणसे स्वतःच करू लागली आहेत. एका बाजूने म्हणायचे की तुम्ही पुरेसे शीख नाही, आणि दुसऱ्या बाजूने कुणी सुचवायचे की तुमचे पीर-फकीर सोडा, म्हणजे तुम्ही पुरते हिंदू व्हाल. ज्या समाजाने धर्मापायी घर सोडले त्याला आपला धर्म कोणता हे दुसऱ्यांनी शिकवावे, याहून मोठा अन्याय माझ्या मते त्याच्यावर होऊ शकत नाही.

धर्माच्या रकान्यात अनेक उत्तरांना जागा करा, अशी मागणी मी करीत नाही. तो रकाना इतक्या लवकर बदलेल असे मला वाटत नाही. बहुसंख्य सिंधी कुटुंबे स्वतःला हिंदू म्हणवतात, काही शीख म्हणवतात, आणि ज्याने त्याने आपल्या तोंडाने जे सांगितले ते लिहावे, एवढाच नियम आहे व तो पुरेसा आहे. प्रगणकाने आडनावाच्या शेवटचे ‘आणी’ ऐकून आकडा आधीच लिहून ठेवू नये आणि सूनबाईंनी नानकपंथी म्हटले तर त्यावर हसू नये. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांनी उल्हासनगर, पिंपरी, जरीपटका, गांधीनगर अशा ठिकाणच्या प्रगणकांना ही पार्श्वभूमी अर्ध्या तासात सांगितली तरी खूप होईल.

मातृभाषेच्या रकान्याबद्दल मात्र मी सिंधी बंधू-भगिनींना हात जोडून विनंती करते. लोकसंख्येची प्रत्यक्ष गणना २०२७ च्या फेब्रुवारीत व्हायची आहे, आणि या वेळी कुटुंबांना माहिती स्वतःच ऑनलाइन भरण्याचीही सोय असणार आहे. म्हणजे प्रगणकाच्या घाईचे कारणही उरणार नाही. तुम्ही मुलांशी हिंदी किंवा इंग्रजी बोलत असाल, त्यात कमीपणा नाही. मात्र तुमच्या आईने तुम्हाला ज्या भाषेत जोजवले ती सिंधी असेल, तर तुमच्या नावापुढे सिंधीच लिहा. बोलता नीट येत नाही, लिहिता येत नाही, म्हणून संकोच करू नका. त्या रकान्यात तुमच्या प्रावीण्याची परीक्षा नाही. दुसऱ्या येणाऱ्या भाषांसाठी वेगळी जागा असते, तिथे हिंदी, मराठी, इंग्रजी अवश्य लिहा. मराठी लिहाल तर आम्हाला आनंदच होईल, कारण उल्हासनगरच्या बाजारात तुमच्याकडून माप घेताना आम्ही ती तुमच्या तोंडून रोज ऐकतो.

आपल्या दैनिकाच्या ठाणे व पुणे आवृत्त्यांत मातृभाषेची ही व्याख्या ठळक चौकटीत, शक्य झाल्यास देवनागरी सिंधीतल्या एका ओळीसह, गणनेच्या आठवड्यात छापावी अशी माझी आपणास विनंती आहे. ती ओळ लिहून देण्यासाठी माझा एक जुना विद्यार्थी तयार आहे. तो अम्मांचा नातू. २००१ च्या प्रपत्रात त्याच्या नावापुढे मी हिंदी लिहिले होते, आणि अम्मांच्या पश्चात त्यांची पोथी वाचता यावी म्हणून तो आता दर रविवारी गुरुमुखी शिकायला जातो. आजीकडून ऐकलेली सिंधी त्याला समजते, आणि या वेळी स्वतःच्या नावापुढे काय लिहायचे हे त्याने ठरवले आहे. सेहवानचे ते चित्र अजून त्याच जागी आहे, हे त्याने मला परवा मुद्दाम सांगितले.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कल्याण